मुक्या घंटेचा रविवार

दांडोळ्याचे देऊळ खाडीच्या तोंडाशी आहे. इथले ख्रिस्ती लोक चर्चला देऊळच म्हणतात, पूर्वीपासून. देवळापासून वीस पावलांवर काळ्या दगडाचे घंटाघर एकटे उभे आहे. त्यात घंटा एकच. ती मिस्सेला, म्हणजे देवळातल्या उपासनेला, वाजते, लग्नाला वाजते, मढ्याला वाजते. फक्त नाताळच्या आधीच्या पाचव्या रविवारी वाजत नाही. त्या दिवशी सकाळी घंटेची जीभ, म्हणजे आत लोंबणारा लोखंडी लोलक, काढून खाली आणतात आणि देवळाच्या पायरीवर आडवी ठेवतात. आत जाणारा तिला ओलांडून जातो.

दांडोळ्यात गुलामी संपल्याचा तो दिवस. बाहेरून पाहुणे येतात. त्यांना वाटते, बेंजो असेल, पताका असतील, जेवणावळ असेल. यातले काही नसते. मग कोणीतरी विचारतोच, "अहो, एवढ्या आनंदाच्या दिवशी घंटा बंद? दुसरीकडे फुटेपर्यंत वाजवतील." त्याला इथे एकच उत्तर मिळते. "आमची वाजवून झाली आहे."

त्याचे कारण असे सांगतात.

फिरंगी वसई सोडून गेले त्याला शंभर वर्षे झाली होती. फिरंगी गेले, त्यांची रीत राहिली. दांडोळ्याची मिठागरे, भातशेती आणि माणसे रिबेल घराण्याच्या हातात होती. माणसे म्हणजे गुलाम. चाळीस-बेचाळीस होते म्हणे. काहींचे वाडवडील हबशांच्या मुलखातून जहाजात घालून आणलेले. काहींना दुष्काळात आईबापांनीच पायलीभर भातावर दिलेले. सगळ्यांचा बाप्तिस्मा झालेला आणि सगळ्यांना आडनाव धन्याचेच लावलेले. त्यामुळे धनीही रिबेल आणि त्याचे पाय धुणाराही रिबेल. ओळखायचे ते दारावरून. धनी पुढच्या दाराने देवळात येत आणि बाकावर बसत. गुलाम मागच्या दाराने येत आणि उभे राहत.

घंटा वाजवण्याचे काम बस्त्यावकडे होते. त्याच्या आजाने ते केले, बापाने केले, मग तो करू लागला. हाडापेराने थोर, बोलायला कमी. दिवसभर मिठागरात चिखल तुडवायचा आणि तीन वेळा घंटाघराच्या पायऱ्या चढायच्या. या कामाचा त्याला फार अभिमान होता. गावात हुकूम धन्याचा चाले. पण धन्याने केव्हा उठायचे, केव्हा गुडघे टेकायचे, हे बस्त्याव सांगे. गुलामाला एवढे पुष्कळ असते.

आजाने त्याला हाताला धरून शिकवले होते. लग्नाचा ठोका कसा, मढ्याचा कसा, आग लागली तर कसा. त्याहून महत्त्वाचे शिकवले ते घंटा केव्हा धरायची, म्हणजे गप्प ठेवायची, हे. पाद्री बोलत असताना धरायची. मढ्यावर माती पडत असताना धरायची. दवंडी चालू असताना धरायची. माणूस माणसाला काही सांगत असेल तर घंटेने मध्ये पडायचे नाही. तीन पिढ्यांत हा नियम मोडला नव्हता.

बस्त्यावची बायको बाळंतपणात गेली होती. मागे एक मुलगी राहिली, रेजीन. सोळा-सतरा वर्षांची झाली होती. रिबेलांच्या स्वयंपाकघरात म्हातारी पेर्पेत होती, तिच्या हाताखाली ती काम करी. पेर्पेत जिभेने तिखट. धनिणीलाही सोडत नसे.

रिबेलांच्या घरात मुलीचे लग्न झाले की तिच्याबरोबर सासरी एक बटकी पाठवत. पलंग, पेटारा, तांब्याची भांडी, एक दुभती म्हैस आणि एक बटकी. पेर्पेत स्वतः अशीच आली होती, अकराव्या वर्षी, रेवदंड्याहून, आताच्या धन्याच्या आईबरोबर. ती सांगे, "माझ्यासोबत एक पोपट पण आलेला. उतरल्यावर सगळ्यांनी विचारलं, पोपटानं काही खाल्लं का? मला कोणी विचारलं नाही. मी पोपटाची मिरची खाल्ली." आणि ती हसे. ऐकणारे हसत नसत.

त्या वर्षी धन्याच्या थोरल्या मुलीचे, क्लारचे, लग्न ठरले. नाताळ झाल्यावर, उरणला. घरातल्या बायकांनी सोबत पाठवायला रेजीनचे नाव घेतले. बस्त्यावच्या कानावर ते आले. त्या आठवड्यात त्याचा संध्याकाळचा ठोका दोनदा चुकला, आणि गावाने तो ऐकला.

नाताळच्या आधीच्या पाचव्या रविवारच्या आदल्या दिवशी, शनिवारी, धनी मान्वेल रिबेल मिठागरावर आला. बस्त्यावला बांधावर बोलावले.

"उद्या मिस्सेनंतर कचेरीचा शिपाई यायचा आहे. क्रुसापाशी उभा राहून सरकारचा कागद वाचील."

"होय, धनी."

"त्यानं तोंड उघडलं की घंटा सुरू कर. कागदाची घडी घालीपर्यंत थांबायचं नाही."

बस्त्याव चिखलातले पाय हलवीत उभा राहिला. मग म्हणाला, "दवंडीला घंटा धरतात, धनी."

"उद्या धरायची नाही. कंपनी सरकारचा कागद आहे. मानानं घ्यायचा."

"माझ्या आजानं सांगितलंय..."

"तुझ्या आजाला माझ्या आजानं जहाजावरून उतरवून घेतला. त्याचं मला नको सांगू." मान्वेल चार पावले गेला आणि परत फिरला. "क्लारबरोबर कोण जाईल ते मी अजून सांगितलेलं नाही. उद्या घंटा नीट वाजली तर रेजीन जायची नाही. दुसरी जाईल."

"शब्द, धनी?"

"रिबेलचा शब्द."

कागदात काय आहे हे बस्त्यावने विचारले नाही. सरकारी कागद म्हणजे सारा असेल नाहीतर वेठ. ज्याच्या अंगावरचा लंगोटही धन्याचा, त्याला साऱ्याचे काय? मुलगी राहते आहे, एवढेच त्याने धरले. घरी जाऊन त्याने रेजीनला सांगितले, "तू जात नाहीस." तिने विचारले, "का?" तो म्हणाला, "उद्या मी चांगली घंटा वाजवणार आहे म्हणून." तिला वाटले बाप थट्टा करतो आहे. तो कधी थट्टा करत नसे.

दुसऱ्या दिवशी मिस्सा झाली. लोक बाहेर आले. रिबेल मंडळी सावलीत, गुलाम उन्हात. शिपाई क्रुसाच्या चौथऱ्यावर चढला, कागद उलगडला, घसा साफ केला. बस्त्यावने वरून ते पाहिले आणि दोर ओढला.

तशी घंटा दांडोळ्यात ना आधी वाजली ना नंतर, असे सांगतात. चिंचेवरचे बगळे उठले ते परत बसले नाहीत. वरून बस्त्यावला शिपायाचे तोंड हलताना दिसत होते. शिपाई दोनदा थांबला, वर पाहून त्याने हात केला. मान्वेलने पुढे होऊन त्याला काहीतरी समजावले, छातीवर हात ठेवला. आनंद झाला आहे लोकांना, असे सांगितले म्हणे. शिपायाला ऊन लागत होते आणि अजून दोन गावे करायची होती. त्याने उरलेले भराभर वाचले.

गुलामांच्या घोळक्यात रेजीन होती. एका कानावर हात धरून ती वर बघत होती आणि दुसऱ्या हाताने, पुरे, पुरे, असे खुणावत होती. हसत होती. तिला आदल्या दिवशीचे बोलणे आठवले असेल. बस्त्यावने आणखी जोराने दोर ओढला.

शिपायाने घडी घातली. बस्त्यावने घंटा धरली. त्याच्या दोन्ही तळहातांची साले निघाली होती.

मान्वेलने शब्द पाळला. क्लारबरोबर रेजीन गेली नाही. पेर्पेतची नात जुस्तीन गेली, चौदा वर्षांची. ती मचव्यात बसत असताना पेर्पेत धक्क्यावर आली नाही. स्वयंपाकघरात बसून भांडी आपटत राहिली. बस्त्यावने लग्नाची घंटा वाजवली. त्या दिवशी कोणाच्या डोळ्याला डोळा देणे त्याला जमले नाही. पण संध्याकाळी घरी मुलगी होती.

वर्ष गेले. पुढच्या वर्षी धाकट्या मुलीचे, फिलोमेनचे, लग्न ठरले. उपवासाचे चाळीस दिवस लागायच्या आधी उरकायचे होते. नवरा दमणचा. या वेळी घरातल्या बायकांना नाव घ्यावे लागले नाही. मान्वेलनेच सांगितले, रेजीन जाईल.

बस्त्याव वाड्याच्या मागच्या अंगणात जाऊन उभा राहिला. मान्वेल हात धूत होता.

"धनी, शब्द दिला होता."

"क्लारच्या लग्नाचा दिला होता. पाळला."

"धनी, एकच आहे मला."

"मलाही दोनच मुली," मान्वेल म्हणाला. "दोन्ही पाठवतोय."

ज्या सोमवारी मचवा निघाला त्या सोमवारी ओहोटी लवकर होती, म्हणून सगळी घाई झाली. रेजीनला बापाशी बोलायला मिळाले ते धक्क्यावर उभ्या उभ्या. बस्त्याव तिथे थांबू शकला नाही, कारण नवरीचा मचवा सुटताना घंटा वाजवायची असते. त्याने वाजवली. मचवा खाडीच्या तोंडातून बाहेर पडून उत्तरेला वळेपर्यंत वाजवली. कामात कसूर केली नाही.

उपवासाचे दिवस सरत आले. पास्काच्या, म्हणजे ईस्टरच्या, सणाआधी तीन दिवस घंटा बंद असते. त्या तीन दिवसांत बस्त्याव तिची खुंटी साफ करी, तिला मुशी माशाच्या यकृताचे तेल देई. हे तेल पलीकडच्या काठावरचा पास्कू आणून देई. पास्कू कोळी, तर म्हणजे खाडी ओलांडायची होडी चालवणारा. माणूस मोठा बोलका. गुलामांना खाडी ओलांडायची मुभा नव्हती, म्हणून तो तेलाची करवंटी घेऊन धक्क्यावर येई.

"काय बस्त्यावबाबा," तो म्हणाला, "मोकळे झालात तरी घंटेला चिकटून? आता मजुरी तरी घेता का धन्याकडून, की अजून कांजीवरच?"

"कोण मोकळं झालं?"

"घ्या! म्हातारपण आलं वाटतं. वरीस उलटून गेलं की. गुलाम सुटले नव्हं का समदे? सरकारचा कागद आला. आमच्याकडे वाचला, तुमच्याकडे वाचला."

"आमच्याकडे नाही वाचला."

पास्कू मोठ्याने हसला. "वाचला नाही कसा? अहो, तुमचा आनंद आम्ही त्या काठाला बसून ऐकला! केवढी ती घंटा! आमच्या पाटलानं शिपायाला विचारलं, दांडोळ्यात काय झालं? तो म्हणाला, तिथले गुलाम खुशीनं वेडे झालेत, मला वाचू पण देईनात. माझी आई म्हणाली, वाजवू दे बिचाऱ्यांना, आज त्यांचा दिवस आहे." तो थांबला. बस्त्यावचे तोंड पाहून थांबला. "बाबा, तुम्हीच वाजवत होता ना?"

"मीच."

मग हळूहळू पास्कूच्या ध्यानात आले. वर्षभर पलीकडच्या काठावरच्या कोणीही दांडोळ्याच्या गुलामांना ही गोष्ट सांगितली नव्हती. मासळी विकायला बायका येत, मीठ न्यायला तांडे येत, पण कोणी एक शब्द काढला नव्हता. कारण काय सांगायचे? ज्यांनी एवढी घंटा वाजवून साजरे केले त्यांना परत तेच काय सांगायचे? हे लोक अजून मिठागरात राबतात ते मजुरीवर राबत असतील, असे सगळ्यांनी धरले होते.

"तो कागद दमणला चालतो का?" बस्त्यावने विचारले.

"दमण फिरंग्यांचं, बाबा. तिथं फिरंग्यांचा कागद."

बस्त्यावने करवंटी दोन्ही हातांनी धरली होती. ती त्याने धक्क्याच्या दगडावर नीट ठेवली. तेल सांडले नाही. मचवा गेल्याला त्या दिवशी पंचेचाळीस दिवस झाले होते.

दोन दिवस गेले. पास्काच्या सकाळी देऊळ भरले. रिबेल मंडळी नव्या कपड्यांत बाकांवर. वाड्यापाड्यांतून आलेले लोक देवळाच्या उंबऱ्यावर उभे, कारण सणाची घंटा झाल्याशिवाय त्यांनी आत पाऊल टाकायचे नाही आणि पाद्रीने वेदीवर चढायचे नाही, अशी रीत होती. सगळे घंटेची वाट बघत होते. घंटा होईना.

मग पुढच्या दारातून बस्त्याव आत आला. गुलाम पुढच्या दारातून आलेला देवळाने पहिल्यांदा पाहिला. त्याच्या खांद्यावर घंटेची जीभ होती. ती उतरवायला एरवी दोन माणसे लागत. तो मधल्या वाटेने चालत गेला आणि ती त्याने मान्वेल रिबेलच्या पायांशी ठेवली. फरशीला तिथे चरा पडला.

"धनी, आता वाचा."

"काय वाचा?"

"ज्याच्यावर मी घंटा वाजवली ते."

"आज सण आहे. बाहेर हो."

"सण अजून लागलेला नाही," बस्त्याव म्हणाला. "घंटा झालेली नाही."

मान्वेलने आपल्या माणसांकडे पाहिले. कोणी उठले नाही. भीतीने उठले नाहीत की लाजेने, हे आता कोण सांगणार. शेवटी म्हातारे पाद्रीबाबा वेदीमागच्या कपड्यांच्या खोलीत गेले आणि शिपाई देऊन गेला होता तो कागद आपल्या पेटीतून घेऊन आले. तो वर्षभर तिथेच होता. त्यांनी तो कोणाला दाखवला नव्हता आणि त्यांना कोणी विचारले नव्हते. त्यांनी वाचले ते असे, म्हणे:

कोणी माणूस कोणा माणसाच्या मालकीचा नाही. कोणी तसे म्हणत कचेरीत आला तर कचेरी त्याचे ऐकणार नाही. ज्याला गुलाम म्हणत, त्याचे जे असेल ते त्याचेच. त्याला मारणे हे कोणालाही मारण्याइतकाच गुन्हा.

एवढेच. लहान कागद होता. वाचायला जेमतेम ‘आमच्या बापा’ ही प्रार्थना एकदा म्हणण्याइतका वेळ लागला.

मागे उभ्या असलेल्या लोकांतून पेर्पेतचा आवाज आला.

"पाद्रीबाबा, म्हणजे मागच्या पास्काला मी मोकळी होते?"

"होतीस."

"नाताळाला?"

"होतीस."

"आणि ह्यांच्या दोन पोरींच्या लग्नातलं रांधण मी मोकळ्या बाईनं केलं? मग मला एक पान वाढायचं तरी." कोणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले. पेर्पेत गर्दीतून पुढे आली. बस्त्यावच्या समोर उभी राहिली. "आणि वर तू बडवत होतास."

"मी."

"कशापायी?"

"रेजीन जाऊ नये म्हणून."

"तिच्या जागी माझी जुस्तीन गेली."

"होय."

पेर्पेत त्याच्या तोंडावर थुंकली, असे काही जण सांगतात. तिने त्याचे डोके आपल्या खांद्यावर ओढून घेतले, असे काही जण सांगतात. दोन्ही झाले असेल.

मान्वेल एवढेच म्हणाला, "मी दिलेला शब्द पाळला आहे." ते खरे होते.

त्याच दुपारी बस्त्याव पास्कूच्या होडीत बसला. सोमवारी कचेरीत गेला. कारकुनाने त्याचे सगळे ऐकून घेतले, बसायला सांगितले, पाणी दिले. मग सांगितले की उरणची मुलगी आठ दिवसांत घरी येईल, दमणच्या मुलीबद्दल मात्र आमचे सरकार काही करू शकत नाही. तसेच झाले. जुस्तीन आठ दिवसांत परत आली. तिला पाहून पेर्पेतने सगळ्यात आधी विचारले, "काही खाल्लंस का?"

बस्त्याव मिळेल त्या होडीने, उरलेले अंतर पायी, दमणला पोहोचला. फिलोमेनचे सासर शोधून काढले. दारावरच्या माणसाने त्याला आत घेतले नाही, पण बोलला माणसासारखा. नवरीच्या दिराला मोसंबीकात काम मिळाले होते. तो बायकामुलांसह जहाजाने गेला. मुलांना सांभाळायला कोणी हवे होते, म्हणून नव्या बटकीला नेले. जहाज सुटून नऊ दिवस झाले होते.

मोसंबीक म्हणजे हबशांचा मुलूख. त्याच किनाऱ्यावरून बस्त्यावच्या आजाला साखळीत घालून इकडे आणले होते. चौथ्या पिढीत इकडून एक तिकडे परत गेली, तीही तशीच.

तो परत आला. दांडोळ्याचे गुलाम आता मोकळे होते. पुढच्या दाराने देवळात येत होते. पण शेत रिबेलांचे, मिठागर रिबेलांचे, राहती जागाही रिबेलांची. त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून ते त्याच चिखलात उतरले, मजुरीवर. मजुरीतून झोपडीचे भाडे कापले जाई. काही जण पळून मुंबईला गेले. बरेचसे राहिले.

त्या वर्षी नाताळच्या आधीचा पाचवा रविवार आला. लोकांनी ठरवले, आपण हा दिवस पाळायचा. चार माणसे बस्त्यावकडे गेली. म्हणाली, "मागे खोट्यासाठी वाजवलीस. आता खऱ्यासाठी वाजव."

बस्त्याव म्हणाला, "दवंडी अजून संपलेली नाही. दवंडी चालू असताना घंटा धरतात."

"संपली नाही कशी? पास्काला वाचली ना?"

"सगळ्यांनी कुठं ऐकली?"

त्या सकाळी त्याने घंटेची जीभ खाली आणली आणि पायरीवर ठेवली. त्याला वाचता येत नव्हते. पास्कापासून पाद्रीबाबांकडून पुन्हा पुन्हा वाचून घेऊन त्याने कागद पाठ केला होता. मिस्सा झाल्यावर तो घंटाघराच्या कट्ट्यावर उभा राहिला आणि त्याने तो म्हटला. जिवंत असेपर्यंत दर वर्षी म्हटला, बावीस वर्षे. मधल्या काळात मान्वेल रिबेल मेला. त्याच्या मढ्याला बस्त्यावनेच घंटा दिली, आणि माती पडताना धरली.

बस्त्याव गेल्यावर मान्वेलच्या मुलाने ही रीत मोडायचे ठरवले. मुंबईहून नवी जीभ ओतून आणली आणि त्या रविवारी मुद्दाम वाजवायला लावली. तिसऱ्या ठोक्याला ती मधोमध तुटली आणि घंटाघराचा लाकडी माळा फोडून खाली आली. ओतण्यात खोट राहिली असेल. दांडोळ्यात तसे कोणी म्हणत नाही.

मूळ कागद वाळवीने खाल्ला त्यालाही पुष्कळ वर्षे झाली. बस्त्यावने पाठ केलेला मजकूर तोंडातोंडी आला, तोच चालतो. मागे एक मास्तर इथल्या शाळेत होते, मोठे अभ्यासू. त्यांनी मुंबईहून सरकारचा खरा कायदा उतरवून आणला आणि मंडळींना दाखवला, की तुमच्या पाठात चुका आहेत. मंडळींनी कागद घेतला, मास्तरांचे आभार मानले आणि तो फळीवर ठेवून दिला. शेवटचे वाक्य तर कायद्यात कुठेच नाही, असे मास्तर म्हणत होते. ते सगळ्यांना माहीत आहे.

आजही त्या रविवारी मिस्सेनंतर एक जण कट्ट्यावर चढतो. बाई असो की पुरुष, आवाज मोठा पाहिजे, कारण लाउडस्पीकर लावू देत नाहीत. तो जमलेल्या लोकांकडे पाठ करून, खाडीच्या तोंडाकडे बघत उभा राहतो. पाहुण्यांना ते उद्धटपणाचे वाटते. त्यांनी वाटून घ्यावे. जमलेल्यांनी पास्काला ऐकले आहे. तो मजकूर म्हणतो. कोणी माणूस कोणा माणसाच्या मालकीचा नाही, तिथून सुरू करतो आणि शेवटच्या वाक्याशी येतो: "रेजीन, हे तुलासुद्धा."

मग सगळे उभे राहतात, बराच वेळ. आमेन कोणी म्हणत नाही. ते तिने म्हणायचे आहे.